पार्सलाची शिवण

श्रावण निम्मा झाला की आमच्या कॉलनीत घराघरांतून बॅगा निघतात. सुट्टीला आलेली लेकरं परत निघालेली असतात. हुकाचा वजनकाटा या घरातून त्या घरात फिरतो, लोणच्याच्या बरण्यांना तीन तीन पिशव्या चढतात, आणि कुणीतरी हमखास दारात येऊन म्हणतं, "एवढंसं टाकाल का हो बॅगेत?"

परवा शेजारच्या विद्याताई आल्या. आमची मुग्धा परत निघाली होती, आणि तिच्याच गावात यांचा मुलगा असतो. "चिवडा आहे हो नुसता," म्हणत त्यांनी पार्सल माझ्या हातात दिलं. मी हसून घेतलं, पण माझी बोटं माझं ऐकत नाहीत. त्यांनी ते पार्सल चारही कोपऱ्यांनी दाबून बघितलं. विद्याताईंच्या लक्षात आलं. मुग्धाच्याही आलं. "आई, नॉट अगेन," ती म्हणाली.

काय सांगू हिला? ही बोटं अशी जन्माला आलेली नाहीत. दोन हजार चारच्या उन्हाळ्यानं त्यांना हे वळण लावलंय.

आम्ही तेव्हा दोहाला होतो, अल नस्रमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. आमचे हे गॅसच्या प्लांटवर इन्स्ट्रुमेंटचं काम बघायचे. पहाटे बस न्यायची, अंधार पडता पडता आणून सोडायची. मधला अख्खा दिवस मी, आठ वर्षांची मुग्धा आणि खिडकीतला एसी. तो एसी अखंड घुमायचा, आणि मला वाटायचं, याच्या आवाजाखाली कुणीतरी बोलतंय.

हसू नका. नवीन गावात माणूस आधी डोळ्यांनी राहत नाही, संशयानं राहतो. फोन उचलला की आधी एक टिक व्हायचं. मी ह्यांना म्हणायचे, कुणीतरी ऐकतंय. हे म्हणायचे, "ऐकू दे की. तू आईला भेंडीचा भाव सांगतेस, त्यात त्यांचं काय जातं?" दुधाची म्हणून आणलेली बाटली चहात फुटली, तेव्हा मला वाटलं दुकानदारानं फसवलं. ते ताक होतं. तिथं त्याला लबान म्हणतात, आणि बाटलीवर चांगलं मोठ्या अक्षरात छापलेलं होतं. पण दोष दुकानदाराचा, असं मी महिनाभर धरून चालले.

सगळ्यांत मोठा संशय मात्र नळाचा. ऑगस्टात तिथं थंड पाण्याचा नळ सोडला की चटका बसायचा. टाकी गच्चीवर, आणि वर ते ऊन. समोरच्या दाराच्या हमीदाआपांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "गिझर बंद करून ठेव गो, आनि गरमाचा नळ सोड. त्यातलं पानी घरातल्या सावलीत असतं, ता थंड." मला वाटलं, ही बाई माझी थट्टा करतेय. चार दिवस हात भाजून घेतले आणि मग चोरून गरमाचा नळ सोडला. पाणी गार! त्याचाही मला रागच आला. हिला बरं सगळं ठाऊक!

हमीदाआपा रत्नागिरीकडच्या, खाडीकाठच्या एका गावातल्या. त्यांचे मिस्टर मुशैरिबमध्ये एका दुकानात हिशेबनीस. माझ्याहून दहाएक वर्षांनी मोठ्या, दिसायला सडसडीत, आणि जिभेला विसावा नाही. परक्या मुलखात दाराशी मराठी ऐकू आलं तर दुसरी बाई रडली असती. मी सावध झाले. एवढे प्रश्न कशाला विचारते ही? "मिस्टर किती वाजता येतात?" "आज वास कसला येतोय, आमटीचा काय?" "नळ लावलास की नाय?"

त्यात ती देवाची गोष्ट झाली. येताना विमानात शेजारची बाई म्हणाली होती, देव उघड्यावर मांडू नका हो. खरं की खोटं, मी कुणाला विचारलं नाही. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तांदळाच्या डब्यात ठेवले. रोज सकाळी डबा उघडायचा, हळदकुंकू वाहायचं, झाकण लावायचं. एकदा हमीदाआपा वाटीभर तांदूळ मागायला आल्या. मी डब्याला पाठ करून, आत कोपरापर्यंत हात घालून तांदूळ काढले. वाटी घेताना त्या म्हणाल्या, "बाहेर काढ गो त्यास. गुदमरंल."

त्या रात्री मला झोप नाही. कळलं कसं हिला? हे म्हणाले, "तांदळात कुंकू आलं असेल." सकाळी बघितलं, तर खरंच डब्यातले दाणे गुलाबी झाले होते. पण संशय एकदा बसला की पुराव्यानं जात नाही. उलट पुरावाच त्याला वाढवतो.

शाळा बंद झाल्या की जूनअखेर बिल्डिंग रिकामी व्हायला लागायची. ज्याला सुट्टी मिळाली तो घरी निघायचा, आणि जाणाऱ्याच्या मागे उरलेल्यांची पार्सलं. तिथली ती रीतच. जाताना इतरांचं न्यायचं, येताना इतरांचं आणायचं. नाही म्हणणारा माणूस वर्षभर एकटा पडायचा. पण त्याच महिन्यांत गोष्टीही फिरायच्या. कुणी ओळखीच्याची लोणच्याची बरणी आणली, तीत भलतंच निघालं, तो अजून आत आहे. कोण तो, कुठला, कुणालाच माहीत नसायचं. पण सांगणारा शपथेवर सांगायचा.

ह्यांना त्या वर्षी रजा नाही मिळाली. मी आणि मुग्धा माझ्या माहेरी, नाशिकला निघालो. हमीदाआपा निरोपाला आल्या, तेव्हा मी न्यावं असं काही त्यांच्या हातात नव्हतं. म्हणाल्या, "येताना माजा भाऊ तुला एक पार्सल आनून देईल नाशकाला. माज्या आयनं शिवलेलं. तेवडं आन गो बाय." मी "हो हो" म्हटलं आणि विमानात बसल्यापासून विचार करायला लागले. त्या भावाला मुंबई जवळ पडते. तो थेट नाशिकला का येणार? एवढं काय आहे त्यात?

तो आला, ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, पावसात भिजत, एसटीनं. चहा घेतला, बशीत फुंकून प्यायला. मांजरपाटात शिवलेलं उशीएवढं गाठोडं त्यानं कोरड्या पिशवीतून काढून माझ्या मांडीवर ठेवलं. आत काय आहे विचारलं, तर म्हणाला, "काय माइत नाय ओ. आयनं दार लावून शिवलंय. बोलली, उघडू नको, हमीदालाच दे."

झालं! दार लावून शिवलंय म्हणे.

तो गेल्यावर मी दाबून बघितलं. बाहेरून मऊ, मध्ये काहीतरी खडखडणारं, आणि खालच्या अंगाला भुसभुशीत. पीठ. पावडर. कोपऱ्यात कापडावर एक तपकिरी ठिपका होता, मसुराएवढा. मी म्हटलं, ही खूण! विमानतळावर कुणीतरी ओळखावी म्हणून केलेली. मला ह्यांची नोकरी दिसायला लागली, मुग्धाची शाळा, परत पाठवलेले आम्ही तिघं, आणि त्याच्याही पलीकडचं काय काय.

मी ब्लेड घेतलं. माझी आई शेजारी अनारसे तळत होती. त्या वर्षी श्रावण अधिक आला होता, धोंड्याचा महिना. जावई आला नाही म्हणून काय झालं, त्याचं वाण डब्यातून जाईल, असं म्हणत तिनं तेहतीस अनारशांचं पीठ राखून ठेवलं होतं. माझ्या हातातलं ब्लेड बघून झारा तसाच धरून ती म्हणाली, "अगं, तिच्या आईनं शिवलंय ते. तू कोण उसवणारी?"

"तुला तिकडचं नाही माहीत," मी म्हटलं, आणि सरसर उसवलं.

जुनी मऊ ओढणी. तिच्यात आमसुलं, उन्हात वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या, आणि दोन गाठी मारलेल्या पिशवीत पांढरंशुभ्र पीठ. इतकं बारीक की चिमटीत धरवत नव्हतं. मी नाकाशी नेलं, जिभेवर ठेवलं. आई बघत होती. शेवटी वैतागून म्हणाली, "पीठ आहे की नाही एवढंच कळायचं असेल तर भाकरी कर." आणि मी केली! खरंच केली. पाणी उकळलं, मूठभर पीठ मळलं, तवा टाकला. भाकरी अशी टम्म फुगली की तव्यावर मावेना. तांदूळ. नुसता घरचा तांदूळ. आम्ही तिघींनी ती तुपाशी खाल्ली. मुग्धानं विचारलं, "इज धिस स्टीलिंग?" आईनं तिच्या तुकड्यावर आणखी तूप सोडलं.

मग मी गाठोडं होतं तसं शिवायला बसले. शिवण मला कुणी शिकवली नाही, माझी मी शिकले, पण हात माझा चांगला. बारीक उलटी टीप घातली, एकासारखी एक, मशीनला लाजवील अशी. वाटलं, चला, कुणाला कळायचं नाही.

शुक्रवारी सकाळच्या विमानानं उतरलो, ह्यांची सुट्टी होती. दोहाच्या विमानतळावर मशीनमधून बॅग गेली आणि साहेबानं बोटानं बाजूला घ्यायला सांगितलं. गाठोडं वरच होतं. माझी उत्तरं पाठ होती, राइस फ्लोअर, नेबर, मदर. त्यानं गाठोडं उचलून बाजूला ठेवलं आणि खालचा अनारशांचा डबा उघडला. "धिस?" "स्वीट. होममेड. फॉर हजबंड." त्यानं वास घेतला, झाकण लावलं. "यल्ला, यल्ला." म्हणजे चला, निघा. मी इतकी हलकी झाले की ट्रॉली ढकलायची विसरले. बाहेर दार उघडलं, तर चष्म्यावर धुकं. दमट हवेचा तो पहिला फटकारा. पुसला, पुन्हा धुकं. रस्त्याकडेच्या खजुरांच्या घडांना जाळीच्या पिशव्या बांधलेल्या, पिकत आलेल्या खारका आत कोंडलेल्या. मागच्या वर्षी मी हमीदाआपांना विचारलं होतं, "ह्या कुणापासून लपवल्यात?" त्या म्हणाल्या होत्या, "पाखरांपासून गो. तुला सगळीकडं चोर कसं दिसतात?"

घरी ह्यांनी डबा उघडला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अगं, खसखस!"

तेव्हा मला कळलं. अनारशाला खसखस लागतेच, त्याशिवाय तो अनारसा कसला? आणि त्या मुलखात खसखशीला बंदी. हे तिथल्या प्रत्येक भारतीय बाईला पाठ. मलाही पाठ होतं, पण मसाल्यात, शिऱ्यात, दुसऱ्याच्या पार्सलात. आईच्या हातच्या अनारशावरच्या खसखशीला कोण खसखस म्हणतं? हे सिंकशी उभे राहून एकेक अनारसा नळाखाली धरत होते. गडबडीत थंडाचा सोडला, म्हणजे उकळता. धोंड्याचं वाण हातातच विरघळून जाळीतून वाहून गेलं. एक तेवढा त्यांनी खसखशीसकट तोंडात टाकला. "सासूबाईंचा मान," म्हणाले आणि डोळे मिटून चावला.

म्हणजे मी जे शोधत होते ते माझ्याच डब्यात होतं, आणि उसवलं मी दुसरीचं.

संध्याकाळी पार्सल घेऊन समोरचं दार वाजवलं. हमीदाआपांनी ते उघडलं नाही. मांडीवर घेतलं आणि शिवणीवरून बोट फिरवत नेलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. पुन्हा एकदा. मग ओरडल्याच, "या अल्ला! आयचं डोळं सुधारलं!"

मला काही कळेना. त्या आतून जुनी सूटकेस घेऊन आल्या. तिच्यात मांजरपाटाचे तुकडे, इस्त्री करून ठेवल्यासारखे. दरवर्षीच्या पार्सलाचं कापड. त्या कधी शिवण कापायच्या नाहीत, घडीच्या बाजूनं कापड फाडायच्या आणि शिवण जपून ठेवायच्या. "फोनवर सगळी बोलतात, आय बरी हाय, बरी हाय. भाऊ पन तेच. मी कुनाचंच खरं मानीत नाय. शिवन खोटं बोलत नाय गो." एकेक तुकडा त्यांनी जमिनीवर मांडला. पहिल्या वर्षीचा धावदोरा सरळ. दुसऱ्या वर्षी जरा तिरका. मग टाके लांब झालेले, मग ओळ सोडून खाली उतरलेले. आणि शेवटी माझी शिवण, मशीनला लाजवील अशी. "ऑपरेशन केलं असंल मोतीबिंदूचं, माज्यापासून लपवून. बघ तरी, कशी टीप घातलीय म्हातारीनं!"

त्यांनी चहा दिला, तो मी प्यायले.

चार दिवसांनी जिन्यात भेटल्या. "ह्यांना सांगितलं, आयकडं जायचं पुढच्या महिन्याचं तिकीट नको. आता काय घाई नाय. मार्चात जातंय, पोरांची परीक्षा झाली की." हसून वर गेल्या. मी भाजीची पिशवी धरून तिथंच उभी. आणि खरं सांगते, लाज वाटायच्या आधी मला काय वाटलं? संशय आला. हिला कळलंय, आणि ही मला तपासतेय. मी कधी बोलते ते बघतेय. त्यानंतर त्यांचं प्रत्येक वाक्य मी दाबून बघायला लागले. "पीठ काय झकास हाय यंदा," म्हणाल्या, मला वाटलं भाकरीचं कळलं. "तुजा हात शिवनात चांगला ना गो?" म्हणाल्या आणि मुलीचा फ्रॉक पुढे केला, मला वाटलं, झालं, आता पकडलं. त्यांना फ्रॉकच शिवून हवा होता.

आठ दिवस मी असे काढले. आणि तिकडे खाडीकाठी एक म्हातारी सुई चाचपत बसलेली असणार, आणि तिची लेक मार्चची वाट बघणार. मार्च फार लांब होता.

शेवटी एका दुपारी गेले आणि सगळं सांगितलं. भाऊ आला तिथपासून. ब्लेड, पावडर, जीभ, भाकरी, उलटी टीप. अनारशांचंही सांगून टाकलं. हमीदाआपा ऐकत होत्या. त्यांचा एसी घुमत होता. मला वाटलं, आता उठतील आणि दार दाखवतील.

त्यांनी एवढंच विचारलं, "मग आयची शिवन कशी होती?"

मला सांगता येईना. आठवायचा खूप प्रयत्न केला. टाके लांब होते की आखूड, तिरके की सरळ? मी ती उसवली होती, पण बघितली नव्हती. मला फक्त आतलं बघायचं होतं.

"एवडं उसवलंस, नि बघितलं नायस?" त्या म्हणाल्या. त्याहून मोठं काही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग सूटकेसमधून त्यांनी ते कापड काढलं आणि कात्रीच्या टोकानं माझी टीप उसवायला घेतली. एकेक टाका. घाई नाही. सगळा दोरा निघाल्यावर कापड खिडकीच्या काचेवर दोन्ही हातांनी ताणून धरलं. बाहेर दुपारचं पांढरं ऊन. त्या उजेडात माझ्या बारीक सुईची भोकं एका ओळीत दिसली, आणि त्यांच्या आजूबाजूला दुसरी, जाड सुईची, वाट चुकलेल्या मुंग्यांसारखी वर खाली पसरलेली. मी शिवताना ती सगळी कापडाच्या घडीत दाबून टाकली होती.

हमीदाआपांनी बोट टेकवलं. "हितं पयला टाका. हितं दुसरा. हितनं हितवर कायच नाय... हितं नुसतीच टोचली, कापड सोडून. हितं बघ, एकाच जागी तीनदा." बोट कोपऱ्यातल्या तपकिरी ठिपक्यापाशी थांबलं. मी जिला खूण म्हटलं होतं तिथं. "आनि हितं बोटात गेली."

त्यांनी ठिपक्यावरून एकदा अंगठा फिरवला. मग कापडाची घडी घातली. "यल्ला," म्हणाल्या, "मार्च नको. ह्यांना आताच सांगतंय."

बाराव्या दिवशी पोरांना घेऊन गेल्या. मिस्टर दिवसभर दुकानात असायचे. जाताना घराची किल्ली माझ्या हातात दिली. मजल्यावर आणखी दोन बिऱ्हाडं होती, त्यांना नाही, मला. ही शिक्षा की विश्वास, हे मी महिनाभर झाडांना पाणी घालताना विचारत राहिले. त्यांच्या घरात इकडची वस्तू तिकडे केली नाही. सूटकेसकडे तर बघितलंही नाही. मात्र याच महिन्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तांदळातून काढून ओट्याजवळच्या फळीवर मांडले.

त्या परत आल्या तेव्हा हवा पालटली होती, खिडक्या उघड्या राहायला लागल्या होत्या. त्यांच्या आईचा एक डोळा गेलेला, दुसऱ्याचं ऑपरेशन त्यांनी उभं राहून करून घेतलं. "आनखी उशीर झाला असता तर त्याचं पन काय खरं नव्हतं, असं डाक्टर बोलला," एवढंच सांगितलं. माझ्याकडे बघून नाही, चहात साखर घालताना.

मग पिशवीतून एक पार्सल काढलं. माझ्या भावानं मुंबईला विमानतळावर त्यांच्या हातात दिलेलं. माझ्या आईनं पाठवलेलं, जुन्या सुती साडीत शिवलेलं.

"उघडलं नाय हां," हमीदाआपा म्हणाल्या. "पन खोटं कशाला बोलू, दाबून बघितलं. कुरकुरतंय."

"कुरडया असतील," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी किती दिवसांनी हसलो.

"असतील. नि शिवन पन बघितली." त्यांचं हसू ओसरलं. "डोळं झकास हायत गो तुज्या आयचं. ओळ सोडत नाय. पन हात थरथरतो. ह्या वर्षीच सुरू झालाय काय?"

मला कुणी काही बोललं नव्हतं. दर शुक्रवारी फोनवर आई सांगायची, मी ठणठणीत आहे, तू तुझं बघ. मी फोनमधल्या त्या टिककडे कान लावून असायचे, आवाजाकडे नाही.

पार्सल घेऊन मी खिडकीशी गेले.